धरला की सोडत नाही

रविवार, ५ जानेवारी

आज एकाचं नाक फोडलं. हेल्मेटच्या जाळीतून रक्त बाहेर आलं. प्रोफेशनल करिअरची सुरुवात याहून झकास होऊ शकत नाही. (माझंही नाक फुटलं, पण नंतर.)

अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग मार्चमध्ये सुरू होतेय. आपल्या गावाचा संघ बेंगळुरू गंडभेरुंड. कॅम्पमध्ये चाळीस जण, करार बावीस जणांना. यादी सोमवारी, १७ फेब्रुवारीला. मी लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला. काम एकच : समोरून जो चेंडू काखेत मारून धावत येईल त्याला आडवा करायचा. जागा चार, दावेदार नऊ. नऊपैकी आठ कालची पोरं.

फॉर्मवर वय एकतीस लिहिलं. खरं छत्तीस, पण त्यातली पाच वर्षं लग्न, कावीळ आणि घराचं रंगकाम यात गेली. ती खेळाच्या वयात धरत नाहीत.

संकल्प : साखर बंद. राग फक्त मैदानावर. दुखापतीचा एक शब्द शिल्पाश्रीला सांगायचा नाही. बायको आहे, घाबरेल.

बुधवार, ८ जानेवारी

सासूबाईंनी होळिगे पाठवले, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या. चार खाल्ले. होळिग्यात गूळ असतो. संकल्प साखरेचा होता.

पीण्याच्या कारखान्यात ड्रिल मशीनने तिसऱ्यांदा बिट मोडलं. मशीनला लाथ घातली. मशीनला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख गेलं. युनिट सासऱ्यांचं आहे. हणमंतराव काचेच्या केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, जावईबापू, ते उलट मारत नाही म्हणून मारता होय? लेथवरचे दोघं फिदीफिदी हसले. हसा. मार्चनंतर टीव्हीवर बघाल.

रविवार, १२ जानेवारी

कोच अजित नागपूरचा. कोरमंगलात राहतो, कंपनीत कोड लिहितो, अमेरिकेत कॉलेजात चार वर्षं खेळलाय म्हणे. सगळ्यांसमोर मला म्हणाला, सयाजी, माणूस नको बघू, चेंडू बघ. खेळ चेंडूचा आहे.

अरे, कुणाला शिकवतोस! पीण्याच्या कामगार संघाचा मी अकरा वर्षं डावा कोपरारक्षक. चढाईला आलेल्याचा चवडा धरला की पंचाची शिट्टी होईपर्यंत सोडलेला नाही. एकदा एकाचा बूट हातात राहिला, मी बूटही सोडला नाही. कबड्डीत चेंडू नसतो, म्हणूनच तो खेळ शुद्ध. अजितला यातलं ओ की ठो कळत नाही.

नंतर दोघादोघांना समोरासमोर उभं करून शिट्टी वाजवली, की धडक. माझ्यापुढे हर्ष. वय तेवीस, खांदे कपाटाएवढे, स्टार्टअपमध्ये काहीतरी विकतो. मी डोकं खाली घालून घुसलो. काड्कन आवाज झाला. मानेपासून डाव्या करंगळीपर्यंत करंट गेला आणि मग दहा मिनिटं तो हात माझा नव्हताच. हर्षची चांगलीच तंतरली असणार. धावत येऊन मला उठवलं, त्यावरून कळलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा तिळगूळ, भरपूर. (गूळच.)

डाव्या हातातून चहाचा कप पडला. शिल्पाने विचारलं काय झालं, म्हटलं कप गुळगुळीत आहे. मानेवरचा काळानिळा डाग बघून विचारलं हे काय, म्हटलं डास. ती म्हणाली, अय्यो, एवढा डास होता तर त्यालाच घ्यायचं की टीममध्ये. विषय संपला. बहुतेक तिला संशय नाही.

रविवार, १९ जानेवारी

कॅम्पला सुट्टी, म्हणून घरीच सराव. जुनी गादी गुंडाळून गच्चीच्या कठड्याला बांधली आणि तिच्यावर तुटून पडलो. चाळीस धडका ठरवल्या होत्या. सहाव्या धडकेला गादी फाटली, सातव्याला दोरी तुटली, आणि गादी खाली अंगणात भागुबाईंच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडली. सगळीकडे कापूस आणि मिरची. भागुबाई आमच्या घरमालकीण. आधी कन्नडात शिव्या दिल्या, मग मला नीट कळाव्यात म्हणून मराठीत. मला शिंका आवरेनात, नाहीतर चोख उत्तर दिलं असतं.

सात धडका म्हणजेही कमी नव्हेत. गादी मेलेली असते. जिवंत माणसाच्या त्या चाळीस धराव्यात.

रविवार, २६ जानेवारी

आपसांत सराव सामना. मी नुसता कहर केला! एकाचं बोट मोडलं. एकाला असा आपटला की तो आईला हाक मारू लागला. तिसऱ्याने मला शिवी द्यायला तोंडातलं रबर काढलं, तेवढ्यात मी पोचलो. त्याचा एक दात माझ्या कोपरात घुसला आणि तिथेच राहिला. परत मागत होता. दिला.

पंचाने तीनदा पिवळा रुमाल टाकला. पिवळा रुमाल म्हणजे दंड. खेळ पुढे गेला तरी मी माणूस सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. अजित माझ्या हेल्मेटवर थापटून ओरडला, अरे बाबा, चेंडू केव्हाच तिकडे गेला, तू ह्याला कशाला धरून बसलायस? मी म्हटलं, धरलाय म्हणून. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. माझ्यावर खार आहे त्याचा. लेखी पुरावे गोळा करतोय.

रविवार, २ फेब्रुवारी

डावा हात आता धडक न घेताही सुन्न होतो. सवय होईल.

टीमची फिजिओ भव्या हिने धरून तपासलं. डोळे मिटा, पिन टोचली की सांगा, म्हणाली. मी अक्कल लढवली. दर दोन सेकंदांनी हं, हं म्हणत राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, सर, मी अजून सुरू केलेलं नाही.

मग मानेचं, नसेचं बरंच सांगितलं. दोन आठवडे धडक बंद ठेवली तर हात पूर्ववत होईल. आणखी एक तशी बसली तर सांगता येत नाही. सरी, बरं, म्हटलं. बघू म्हटलं. दोन आठवडे म्हणजे थेट यादीचा सोमवार. म्हणजे मी घरी पाय दाबत बसू आणि हर्ष माझ्या जागेवर? वा रे वा!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हणमंतरावांना राजीनामा दिला. दोन नोकऱ्यांत पाय ठेवणारा खेळाडू अर्धवट राहतो. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, यादी लागू द्या की, स्वल्प थांबा. मी म्हटलं, यादी ही फॉर्मॅलिटी. ते म्हणाले, मग फॉर्मॅलिटी होऊ द्या. व्यापारी माणूस. धाडस कशाशी खातात, ठाऊक नाही.

शिल्पाला सांगितलं नाही. तिला वडिलांकडून कळलं. जेवताना एकदाच म्हणाली, मला विचारायचं तरी. मी म्हटलं, विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. ती म्हणाली, हो. 

सोमवार, १० फेब्रुवारी

कळलं! सगळं कळलं!

अजितने आज बाजूला घेतलं. येत्या रविवारी हैदराबादच्या संघाशी सराव सामना आहे, त्यात तू खेळायचं नाही, म्हणाला. किट घालून ये, बाकावर बस, मान जप. यादीच्या आदल्या दिवशी! मालक मंडळी बघायला येणार त्या दिवशी! मी तोंडावर विचारलं, माझ्या जागी कोण, हर्ष? हो म्हणाला. निर्लज्जपणे हो म्हणाला. वर खांद्यावर हात ठेवून, माझ्यावर विश्वास ठेव, याच्यापेक्षा जास्त मला आत्ता बोलता येत नाही. हे वाक्य कोण म्हणतं ते मला विचारा. राजाजीनगरात आमच्या काकांना साइट, म्हणजे घराचा प्लॉट, विकणारा हेच म्हणाला होता, आणि ती साइट तळ्यात निघाली.

घरी येऊन सांगितलं तर शिल्पाही म्हणते, अहो, बसा की एक दिवस. म्हणजे हिलाही फितवलं! दाराला ठोसा मारला. दार उघडं होतं. ठोसा पुढे जाऊन फ्रिजला लागला. फ्रिजला पोचा, उजव्या हाताची दोन बोटं सुजली. आता दोन्ही हात सारखे झाले, एकाला कळत नाही आणि दुसऱ्याला फारच कळतं.

संकल्प : रविवारी मैदानात उतरणारच. कसा ते त्याला दिसेलच.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

डाव्या हाताला मनगटापासून वर चिकटपट्टी गुंडाळली. बोटं हलत नाहीत, म्हणजे पकड पक्की. आज सगळ्यांचे दात घशात घालणार. शिल्पा येतेय बघायला. नको म्हटलं तरी येतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५, हॉस्पिटल

क्रमाने लिहितो, म्हणजे इतिहासात गोंधळ नको.

तीन डाव बाकावर बसलो. चौथ्या डावात, शेवटची दोन मिनिटं राहिली असताना, हर्षच्या बरगडीत कुणाचा तरी गुडघा बसला. तो कळवळत बाहेर आला. आम्ही चार गुणांनी पुढे. अजित दुसऱ्या एकाला हाक मारत होता. मी हेल्मेट चढवलं आणि पळत सुटलो. मागून अजित जीव तोडून ओरडत होता, सयाजी, नको, मागे ये! लोकांना वाटलं, प्रोत्साहन देतोय.

पहिल्याच चालीत त्यांचा तो आडदांड धावपटू थेट माझ्यावर आला. मी डोकं खाली घातलं. अशी धडक झाली की हेल्मेटच्या आत मला पांढरं दिसलं. तो जागच्या जागी उलटला. त्याच्या काखेतून चेंडू निसटला आणि गवतावर पडला. मी उजव्या हाताने त्याचा चवडा धरला, डावा कोपर त्याच्या गुडघ्याखाली घातला. साखळीच्या थाटात, एकट्याने! तो हिंदीत बोंबलत होता, छोड ना यार, बॉल उधर है! त्याने मोकळ्या टाचेने माझ्या तोंडावर दोन लाथा घातल्या. जाळी वाकली, ओठ फाटला, तोंडात रक्त. सोडला नाही.

चेंडू माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर होता. खोटं कशाला बोलू, मला दिसला. पण माझ्या मनात आलं, चेंडूचं काय, तो कुठे पळतोय? पळणारा माझ्या हातात आहे.

मग त्यांच्यातलाच दुसरा एक सावकाश आला, वाकला, चेंडू उचलला आणि रेषेपलीकडे गेला. त्यांना सहा गुण. मैदान दणाणलं. मला वाटलं, माझ्यासाठी. मी उजवा हात वर केला. डावाही करायला गेलो, तो आलाच नाही.

सामना गेला. पण पकड शंभर नंबरी होती. स्ट्रेचरवरून नेताना शिल्पा बरोबर चालत होती. तिने माझा डावा हात धरला होता, हे मला बघून कळलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

यादी लागली. चारही लाइनबॅकरांची नावं वाचली. हर्ष आहे. मी नाही.

कट सिद्ध झाला. संकल्प : मालकांना पत्र. अजितचा बुरखा फाडायचा. मसुदा मनात तयार आहे. डॉक्टरांनी मानेला बांधलेला गळपट्टा उतरला की लिहितो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काल घरी सोडलं. आज अजित घरी आला. दार मीच उघडलं आणि दारातच त्याला धू धू धुतलं. दगाबाज म्हटलं, हर्षचा दलाल म्हटलं. तो उंबऱ्याबाहेर चपला हातात घेऊन ऐकत होता. माझा दम संपल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला. मला मान वाकवता येत नाही, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

यादीच होती. आठ फेब्रुवारीची, शनिवारची. खाली मालकांच्या सह्या. लाइनबॅकरमध्ये पहिलं नाव माझं. हर्षचं चौथं. माझ्या नावापुढे अजितच्या अक्षरात : धरला की सोडत नाही. चेंडूचं शिकवता येईल, हे शिकवता येत नाही.

नंतर माझ्या नावावर लाल रेघ होती. ती रविवारची.

तो म्हणाला, सतरा तारखेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही अशी मालकांची अट होती. फक्त तुझी सोमवारची मेडिकल राहिली होती. भव्या म्हणाली होती, आठवडाभर धडक टळली तर पास होईल. म्हणून बस म्हणालो. आणखी कसं सांगायला हवं होतं मी तुला?  मग म्हणाला, डॉक्टरांशी बोललो, आता धडक कधीच नाही. चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला.

नोकरी नको होती मला, साखर नको होती, काही नको होतं. एवढी एकच गोष्ट हवी होती आणि ती आठ दिवस माझी होती. त्यासाठी कुणाला पाडायचं नव्हतं. कुणाला धरायचं नव्हतं. दोन मिनिटं बाकावर बसून राहायचं होतं.

खूप रडलो. गळपट्ट्यामुळे तोंड लपवता येईना, म्हणून दारातच उभा राहून, समोरच्यांच्या देखत. शिल्पा आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पदराने माझं नाक पुसलं, दार लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, अहो, आता तरी बसा.

बसलो.