शिक्क्यातली तारीख

३ नोव्हेंबर, सोम.
निजामाच्या काळातलं आमचं पोस्ट आता संग्रहालय होणार. दगडी कमानी धुतल्या, पितळी तराजू घासला, झकास दिसतंय. घोडं एकाच ठिकाणी अडलंय. वरचे म्हणतात, नुसतं प्रदर्शन ठेवा, टपाल दुसऱ्या ऑफिसात हलवा. माझी खिडकी चालूच राहील, हे मी सांगून टाकलं. साहेब शुक्रवारी बघायला येणार, मग ठरवणार. येऊ देत. अजून पोस्टमास्तर मी आहे.

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायला गेले, तर आकडे हलेनात! प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या रेवतीनं उद्घाटनाची, १४ तारीख गोंदानं पक्की बसवलेली. "मॅडम, येईल त्याला आठवण म्हणून तीच मिळेल." पुण्याची पोर, जीव ओतून काम करते, पण मी कपाळाला हात लावला. आजचं टपाल पुढच्या आठवड्याच्या तारखेनं धाडू? पोस्टमन शकीलभाई माझ्याआधी भडकले. "अगे बेटा, जिस दिन का टपाल उस दिन का ठप्पा. तारीख सिर्फ मुर्दे की नै बदलती!"

५, बुध.
काल दिवसभर शेजारच्या पोस्टाचा शिक्का उसना. आज आपला गरम पाण्यात बुडवून केसांच्या पिनेनं गोंद कोरला. रेवती शेजारीच बसून. "रोज बदलता?" रोज. आई गेली, तेव्हा सुतकाचे तेवढे दिवस शकीलभाईंनी बदलली. दुपारी आकडे सुटले. लई बरं वाटलं.

७, शुक्र.
साहेब आले, कमानींवर खूश. तेवढ्यात कन्नड तालुक्यातल्या एक मावशी लग्नपत्रिका घेऊन खिडकीशी. "बाई, शिक्का ठळक हाना. मागच्या बारीला पोरीच्या सासरचे याही म्हन्ले, आवतण उशिरा धाडलं. आता तारीखच दावते त्यायला!" हाणला. साहेब हसले. मग रेवतीला विचारलं, "हा शिक्का काचेत ठेवायचा होता ना?"
"नाही सर. त्याची तारीख रोज बदलावी लागते."
मी पुढचं टपाल ओढलं.
साहेब जाताना म्हणाले, "बघू. लेखी कळवतो."

८, शनि.
लेखी काही नाही.
मी पोचायच्या आधीच रेवतीनं तारीख बदललेली. शिक्क्यातला इंग्रजी आठचा आकडा उलटा. "आठ उलटा काय नि सुलटा काय, मॅडम!" मला कळतो. काढून परत बसवायला लावला.
सोमवारसाठी एक आणि शून्य पुसून ठेवलेत.