माझ्या ताऱ्याचं वेळापत्रक

५ मार्च, मंगळवार
आभारात! शोधलेखाच्या शेवटच्या पानावर, वीजपुरवठा विभागाच्या खाली! अकरा वर्षं दर मंगळवारी सकाळी मी रेडिओ दुर्बीण त्या ताऱ्यावर लावते, दर गिरकीला येणाऱ्या त्याच्या रेडिओ ठोक्यांच्या वेळा नोंदवते — आणि लेखकांच्या यादीत माझं नाव नाही.
गॅमा गटाचा मुख्य म्हणे, "तुम्ही फक्त वेळा दिल्यात."
फक्त! तारा सेकंदाला सात गिरक्या घेतो. यांच्या उपग्रहाला त्याच्या गॅमा किरणांचे कण मिळतात दिवसाला वीस-पंचवीस. कुठला कण गिरकीच्या कुठल्या क्षणी निघाला, हे माझ्या वेळापत्रकाशिवाय तुझ्या बापाला तरी कळेल का? (तोंडावर बोलले नाही. म्हणून इथे.)

६ मार्च
संस्थेच्या प्रमुखांकडे गेले. खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या लेखात बघू." हे 'पुढच्या लेखात' चौथ्यांदा! परत येताना जिन्यात गॅमा गटाचा मुख्य भेटला — आमचा उपग्रहराव. हसला. अंगाचा तिळपापड झाला.

१२ मार्च
तारा पुढे पळालाय! ठोके ठरल्या वेळेच्या आधीच येतायत. आधी घड्याळावर संशय. दुसरे तीन तारे पाहिले — त्यांच्या वेळा चोख. म्हणजे घड्याळ ठीक.

१३ मार्च
आज पुन्हा दुर्बीण मागून घेतली. शंकाच नको. गेल्या आठवड्यात कधीतरी ताऱ्याची गिरकीची गती एकदम वाढलीय. दहा लाखांत एक भाग — पण दोन दिवसांत सव्वा गिरकीचा फरक! जुनं वेळापत्रक कचरा झालं.
उपग्रहरावाला कळवायला हवं.
नाही कळवणार.

१७ मार्च
ताईचा फोन. सगळं ओकले. ती म्हणाली, "अगं, पण शिक्षा नक्की कुणाला देतेयस?"
"त्याला!"
"आणि ताऱ्याला?"
वर हसली. मी फोन ठेवला. हिला काय जातंय!

२ एप्रिल
उपग्रहराव स्वतः माझ्या खोलीत! दारातच उभा. म्हणाला, ताऱ्याच्या प्रत्येक गिरकीत गॅमा किरणांचे दोन झोत दिसायचे, ते महिनाभरात पुसट झालेत. "तुमच्या वेळापत्रकात काही बदल?"
"काही नाही."
इतक्या सहज निघालं तोंडातून. तो "बरं" म्हणून गेला. त्याला वाटतंय तारा विझतोय! अरे शहाण्या, तारा पळालाय, तू जुन्या वेळा धरून बसलायस. मग कण विस्कटणारच!

९ एप्रिल
फळ्यावर सूचना — पुढच्या बुधवारी, १७ तारखेला सभागृहात उपग्रहरावाचं व्याख्यान. 'विझणारा तारा.' बाहेरचे पाहुणेही येणार.
येऊ देत. मी मागच्या रांगेत बसेन. प्रश्न विचारा म्हणाले की उठेन, नवं वेळापत्रक पडद्यावर लावेन. सगळ्यांदेखत. आभारात टाकतो काय!

१४ एप्रिल
आरशासमोर बोलून पाहिलं. "एक छोटीशी शंका आहे." नको, आवाज कापतोय. "साहेब, घड्याळ तपासलंत?" हे बरं. झोंबेल.
प्रमुख वाटेत भेटले. "व्याख्यानाला येताय ना?" म्हटलं, "येणार तर!"

१६ एप्रिल
उद्या. फक्त आकृती राहिलीय. उपग्रहाने टिपलेल्या कणांची नोंद सगळ्यांना खुली असते, ती उतरवून घेतली. सकाळी ते कण नव्या वेळापत्रकावर बसवायचे — दोन्ही झोत लख्ख उभे राहतील, आणि हा तोंडावर आपटेल.

१७ एप्रिल, सकाळी आठ
बसवले. एक झोत सुईसारखा उभा राहिला — माझं वेळापत्रक बरोबर आहे. दुसरा नाहीच. तीनदा करून पाहिलं. ताऱ्याने वेग बदलला त्याच आठवड्यापासून तो गेलाय. खरंच विझलाय. असं काही आम्ही कुणी पाहिलेलं नाही — आणि त्यातली वेग बदलल्याची अर्धी गोष्ट मी महिनाभर दाबून बसले.
तो खरं बोलत होता. खोटं मी बोलले.
व्याख्यान अकराला. त्याला फोन लावलाय. वाजतोय.