चार वाजताची जीप

तंजावूर,
१८ जानेवारी २००६

प्रिय सुरेंद्र,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथे बसून दिसते आहे. घरात फोन, तुझ्या खिशात आणखी एक फोन, मग आई कागद कशाला खरडत बसली? कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी वाक्य सुरू करते, संपवतोस तू, आणि बरं आई ठेवतो म्हणून मोकळा होतोस. शिवाय हे मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. तमिळमध्ये लिहिलं असतं तर उभ्या उभ्या नजर टाकून बाजूला ठेवलं असतंस. माझ्या वडिलांनी सरस्वती महाल ग्रंथालयात जन्मभर पोथ्यांच्या नकला केल्या, त्यांनी मला ही अक्षरं शिकवली, मी तुला पाटीवर शिकवली, आणि मग तू ती कशाला हवीत म्हणून सोडून दिलीस. आता तुला एकेक अक्षर लावत वाचावं लागेल. लागू दे. तुझ्या बायकोला, साईप्रियाला, बोललेलं कळतं पण वाचता येत नाही, तेव्हा तिच्यावर ढकलायचीही सोय नाही. रविवारी फोनवर तू जे विचारलंस, विचारलंस कसलं, सांगितलंस, त्याचं उत्तर यातच आहे. पण ते शेवटी. आधी गाडीचं बोलू.

अप्पा कसे आहेत असं तू दर वेळी विचारतोस आणि बरे आहेत असं मी दर वेळी सांगते. बरे नाहीत. खंडेनवमीपासून या सोमवारपर्यंत ते गल्लीबाहेर गेले नव्हते. सव्वातीन महिने झाले. दुपारची काफी झाली की ते घड्याळाकडे बघायचे, मग खुंटीवरच्या सदऱ्याकडे, मग माझ्याकडे. पहिले आठ दिवस मी त्यांना सदरा घालत होते आणि सहा वाजता काढून ठेवत होते. मग मला ते सोसेना म्हणून सदरा कपाटात टाकला. आता ते रिकाम्या खुंटीकडे बघतात. बोलता येत असतं तर निदान दोन शिव्या तरी दिल्या असत्या.

तुझ्या लेखी ती जीप म्हणजे भंगार होती. होतीच म्हणा. खात्याच्या लिलावात घेतली तेव्हाच तिची निम्मी हाडं खिळखिळी होती, आणि मीही तेव्हा कमी बोलले नव्हते. पण तीस वर्षं कालव्यांवर ओव्हरसीअर म्हणून फिरलेल्या माणसाला तिच्याशिवाय दुसरं काय शोभलं असतं? चारही चाकांना जोर असलेली गाडी. पावसाळ्यात वेण्णार नदीचा बांध लोण्यासारखा मऊ होतो, तेव्हा बैलगाड्या थांबायच्या पण ही जायची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा सगळ्यांनी मानलं की संपलं आता, हा माणूस खाटेवरचा. तू चेन्नईहून आलास, चार दिवस राहिलास, डॉक्टरशी इंग्रजीत बोललास आणि गेलास. ड्रायव्हर तुळजारामनं मात्र एक फळी आणली. जीपचं मागचं फळकूट पाडायचं, फळी लावायची, आणि खुर्चीसकट अप्पांना वर सरकवायचं. आत बाकाच्या जागी त्यानं पट्टा बसवला, खुर्ची हलू नये म्हणून. इतकी साधी गोष्ट. ना तुला सुचली ना मला.

तेव्हापासून चार वाजता जीप निघायची. राजवाड्यामागच्या गल्लीतून वेण्णारपलीकडे आपल्या तीन एकरांपर्यंत. मी पुढे तुळजारामच्या शेजारी आणि हे मागे, मागच्या बाजूला तोंड करून, गेलेला रस्ता बघत. शेतावर पोचलं की शेषम्मा यायची. तिच्या सासऱ्यापासून आपली जमीन तेच कसतात, तुला ठाऊक आहे. ती शहाळं सोलून द्यायची आणि समोर उकिडवी बसून विचारायची, की या खेपेला रोप कधी लावायचं, वरच्या चारीला पाणी पोचत नाही तर दार किती उचलू. घरी लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलतात. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलतो. तूही मलाच विचारतोस. शेषम्मा त्यांना विचारायची. आणि ते डाव्या हातानं उत्तर द्यायचे, आणि ती ऐकायची. दिवसातले ते दोन तास ते कोणीतरी होते.

आणि मग दसऱ्याला तू आलास. बरोबर तो एजंट, गळ्यात टाय, हातात रंगीत कागद. तिरुचीला एक्स्चेंज मेळा लागला होता म्हणे, जुनं द्या नवं न्या. तू आठवडाभर त्या लाल गाडीचंच गुणगान गात होतास. छोटी आहे पण टर्बो आहे, दाबलं की बाणासारखी सुटते, एसी आहे, मागच्या काचेवर वायपर आहे. मागच्या काचेवर पाऊस पुसून कोणाला काय बघायचं असतं कोण जाणे. जीपचा भाव मेळ्यात बाहेरच्यापेक्षा जास्त मिळणार, आणि मेळा नेमका खंडेनवमीच्या संध्याकाळी संपणार. सकाळीच तुळजारामनं जीप धुऊन तिला चंदन-कुंकू लावलं होतं, शेवंतीचा हार घातला होता, अप्पांचे पाने, जॅक, मोजणीची टेप असं सगळं तिच्या पुढ्यात मांडून पूजा झाली होती. पूजेला बसवलेली वस्तू त्या दिवशी हलवायची नसते. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, तुला ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही. तू हारासकट ती बाहेर काढलीस. तुळजाराम चाकांखालची लिंबं उचलत राहिला. त्यालाही तू दुसरीकडे काम बघा म्हणून सांगितलं होतंस.

दुसऱ्या दिवशी दसरा. लाल गाडी दारात. सोनं लुटायला देवळात जाऊ, अप्पांनाही घेऊ, असं तूच म्हणालास. तो अर्धा तास आठवतो ना? नसेल आठवत तर आठवण करून देते. गाडी इतकी बुटकी की तुला आणि तुळजारामला त्यांना खुर्चीतून उचलून जवळजवळ जमिनीवर बसवल्यासारखं आत ढकलावं लागत होतं. त्यांचा उजवा पाय दुमडत नाही. एकदा डोकं आधी घालून पाहिलंस, एकदा पाय आधी. डोकं दाराच्या चौकटीला लागलं. नेसलेली वेष्टी सुटली. समोरच्या ओट्यावर ताराबाई आणि तिच्या दोन्ही सुना उभ्या होत्या, त्यांनी तोंडं फिरवली, एवढी तरी त्यांना रीत होती. ज्या माणसासमोर कालव्यावरची शंभर माणसं हातातली घमेली खाली ठेवायची, त्याची वेष्टी मी भर गल्लीत गुंडाळत होते. शेवटी तूच म्हणालास की राहू दे, अप्पांना दगदग नको. मग तू, साईप्रिया आणि मी असे आपण तिघं गेलो. एसी छान होता. मी खोटं कशाला बोलू.

ती गाडी तुमच्यासाठीच घेतो, असं म्हणाला होतास. दोन दिवसांनी ती चेन्नईला गेली. जीप अप्पांच्या नावावर होती, ही तुझ्या नावावर आहे, हेही मला नंतरच कळलं. दर महिन्याला येईन, ही गाडी पाच तासांत पोचवते, असं तू माझा हात हातात घेऊन म्हणाला होतास. गरज सरो नि वैद्य मरो. दिवाळीला एक दिवस आलास, तोही दुपारभर कुठेतरी गेलास. कुठे ते मला शेषम्मानं सांगितलं. दोन माणसांना घेऊन तू शेतावर गेला होतास, गाडीचं पोट बांधावर चिखलात बसलं, आणि शेषम्माच्याच घरच्यांनी ती ढकलून काढली. ती माणसं भाताकडे बघत नव्हती, पावलं टाकून जमीन मोजत होती, असं ती म्हणाली. वरच्या बाजूला प्लॉटचे पिवळे दगड उभे राहिलेत, आता आपल्याकडेही येणार का, असं तिनं मला विचारलं. मला ठाऊक नाही म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. अप्पा का येत नाहीत, हेही तिनं विचारलं. त्याचं उत्तर ठाऊक होतं, पण ते तिला देता आलं नाही.

ते तुला देते. सुरेंद्र, इथवर वाचून तुला वाटलं असेल की आई सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडते आहे. तसं असतं तर मी तीन महिने थांबले नसते, त्याच दिवशी तुझा कान धरला असता. खंडेनवमीला तू एजंटबरोबर अंगणात कागद लावत होतास आणि शाईचा पॅड माझ्या हातात देऊन म्हणालास की आई, अप्पांचा अंगठा तेवढा घेऊन ये. जन्मभर ज्या माणसानं ऑफिसात, बँकेत मराठीतच वळणदार सही केली, कारकुनांशी त्यावरून भांडणं केली, त्याचा अंगठा. मी आत गेले. जीप द्यायची आहे, सुरेंद्रला नवी गाडी घ्यायची आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांना सगळं समजतं, तुझ्या-माझ्याइतकं. हो असलं की ते एक बोट उचलतात आणि नाही असलं की मूठ मिटतात. हे शेषम्माला समजतं, तुळजारामला समजतं, मला तर समजतंच. त्यांनी मूठ मिटली. माझ्याकडे बघत मिटली. अंगठा आत घेऊन, घट्ट. त्या एका हातात त्यांच्या सगळ्या अंगाचा जोर उरलाय. आणि मी ती उघडली. एकेक बोट सोडवून. करंगळीपासून सुरुवात केली, कारण तिच्यात जोर कमी असतो. अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली. वत्सला कृष्णाजी. तू बाहेरून हाक मारलीस की झालं का, आणि मी झालं म्हणाले. मी त्यांचा अंगठा पदरानं पुसला तेव्हा त्यांनी हात ढिला सोडून दिला होता.

का केलं? तू दर महिन्याला येशील म्हणून. हे एक. आणि दुसरं सांगायला जीभ अडते पण सांगते, मला कंटाळा आला होता. रोज चार वाजता सदरा, वेष्टी, फळी, धूळ, घरी येऊन पुन्हा अंग पुसणं. ताराबाई मुलाच्या गाडीतून साडी न चुरगळता लग्नाला जाते, मी सत्तरीला टेकले तरी जीपच्या दांडीला धरून चढते. मलाही एकदा काचा बंद करून बसायचं होतं. त्यांचे दोन तास देऊन मी माझ्यासाठी मुलगा विकत घ्यायला निघाले होते. मुलगा तर आलाच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. ते मला काही म्हणत नाहीत, म्हणू शकत नाहीत. मी घास भरवते आणि ते खातात. पण त्या दिवसापासून परवापर्यंत त्यांनी माझ्यासाठी एकदाही बोट उचललं नव्हतं. मूठही मिटली नव्हती. काही विचारलं तर नुसते बघायचे. विचारून काय उपयोग, हे त्यांना मी शिकवलं होतं.

आता रविवारच्या फोनचं. पुढच्या शुक्रवारी दस्तलेखकाला घेऊन येतोस, रजिस्ट्रारनं घरी यावं अशी व्यवस्था केली आहेस, तीन एकर त्या प्लॉटवाल्यांना द्यायचे, आणि मी फक्त अप्पांना नीट बसवून त्यांचा अंगठा घ्यायचा, मागच्यासारखा. हेच शब्द तू वापरलेस, मागच्यासारखा. म्हणून हे पत्र. सोमवारी मी तुळजारामला बोलावलं. त्यानं ओळखीच्या माणसाचा मालाचा टेंपो आणला. त्यात भाताची पोती नेतात. खुर्ची दोरानं बांधली आणि आम्ही अप्पांना शेतावर नेलं. शेषम्मासमोर मी त्यांना विचारलं, जमीन द्यायची का. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी तुम्ही सांगाल तेच होईल म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी उत्तर दिलं. उत्तर नाही असं आहे. तू शुक्रवारी ये, साईप्रियालाही आण, तुमच्यासाठी जेवण करून ठेवते. पण कागद आणू नकोस. आणलेस तर रजिस्ट्रारच्या पुढ्यात, ताराबाईच्या पुढ्यात, दार उघडं ठेवून मी सांगेन की जीपच्या कागदावरचा अंगठा कसा घेतला होता आणि तो कोणी घेतला होता. आईला लाज नाही असं तुला वाटेल. लाज होती, म्हणून तर तीन महिने गप्प बसले.

तुझीच, आणि इतक्या उशिरा का होईना त्यांचीही,

आई