पेडलवरचा पाय

साखरखेर्डा, मंगळवार, दिवेलागण

आज शाळेत गुरुजींची शोकसभा. त्यांनीच शिकवलेली भैरवी मी गिटारवर वाजवली. पायाशी नवं पेडल होतं, स्वर विहिरीतल्या हाकेसारखा घुमवणारं. शेवटचा स्वर छेडला अन् हेडमास्तरांनी लगेच मौन पाळायला सांगितलं. सगळे स्तब्ध, माझा स्वर मात्र घुमतोच आहे! हेडमास्तरांनी डोळे वटारले. घाबरून मी पेडलवर पाय दिला. आवाज कापल्यासारखा तुटला.

निघताना गुरुजींच्या बायकोने, काकूंनी, विचारलं, “मधीच बंद काऊन केलं रे? मले वाटलं, ते हळूहळू जाऊन राह्यले.”

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सारखं त्या पायाकडेच लक्ष जातं. आपोआप विरलाच असता ना तो स्वर? दहा सेकंदांत? तेवढेही दिले नाहीत मी गुरुजींना.