हिरवीसाठी स्थळ

रायस्वाइक, रविवार

प्रिय पद्मजा,

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि तुला लगेच उत्तर देणं भाग पडलं असतं, म्हणून हे टपालाने पाठवतोय. पत्ता तुझ्या बायोडेटावरून घेतला. मी इथला कोर्स अर्ध्यावर सोडून पक्षी केंद्रात कामाला लागलो हे तुला माहीत आहेच. निदान पत्रात चुका नसाव्यात म्हणून आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं उतरवतोय.

गेल्या महिन्यात दोन्ही घरची मंडळी स्क्रीनसमोर बसली होती, तेव्हा मी आमच्या पक्षी केंद्रातल्या धनेशाच्या मादीचा फोटो दाखवला. तिच्यासाठी युरोपभरातून स्थळं बघितली म्हटल्यावर सगळे हसले. आई म्हणाली, "बघा, पक्ष्यांचीसुद्धा लग्नं जमतात, आमच्या अद्वयचंच अडलं होतं." तू हसली नाहीस. "आणि तिला पसंत नसेल तर?" एवढंच विचारलंस. मी तोंड उघडेपर्यंत तुझ्या मामांनी साखरपुड्याची तारीख काढली होती. उत्तर राहून गेलं, ते आज देतो.

तिच्या पायात हिरवं कडं आहे म्हणून आम्ही तिला हिरवी म्हणतो. ही जात फिलिपिन्सच्या दोन-तीन बेटांवरच राहते आणि तिथलं जंगल तुटत गेलं तशी अगदी थोडी उरली आहे. फळं अख्खी गिळायची आणि बिया लांब नेऊन टाकायच्या, हे यांचं काम. मोठ्या बियांची कितीतरी झाडं अशाच पक्ष्यांच्या जिवावर पसरतात. म्हणून इथे एकेक पिल्लू मोलाचं. जोड्या एक बाई लावतात; त्यांच्याकडे प्रत्येक पक्ष्याच्या आईबापांची, आजीआजोबांची नोंद असते. सगोत्र नको, एवढंच बघतात म्हण ना.

त्यांनी फ्रान्सहून एक नर पाठवला. कागदावर उत्तम स्थळ. तरुण, देखणा, मलईच्या रंगाचं डोकं. मी रोज पपई आणि अंजीर द्राक्षाएवढं कापून ठेवायचो. (हे पक्षी चावून खात नाहीत, नुसतं गिळतात; एखादा तुकडा मोठा झाला की मलाच धडधडतं.) नर त्यातला चांगला तुकडा चोचीच्या टोकावर धरून तिच्यापाशी जायचा. मादीने तो घेतला की होकार समजायचा. हिरवी पाठ फिरवून बसायची. भूक लागली की खाली उतरून थाळीतलं खायची, पण त्याच्या चोचीतलं नाही. अख्खा हिवाळा असा गेला. मला वाटे माझंच काही चुकतंय. मी अंजिरं दुसऱ्या दुकानातून आणून पाहिली. शेवटी आमची प्रमुख मारायके वैतागून म्हणाली, "अरे, फळ कसलं बदलतोस? तिला फळ नको असं कुठे आहे?"

मग शेजारच्या पिंजऱ्यात एक वयस्कर नर तात्पुरता आणून ठेवला. चोचीचा टवका उडालेला; त्याचा कुणी विचारही केला नव्हता. हिरवी आपणहून जाळीजवळ जाऊन बसायला लागली. एका सकाळी त्याने जाळीतून अंजीर पुढे केलं आणि तिने ते घेतलं. मी हातात बादली धरून तसाच उभा. मारायकेने त्या बाईंना कळवलं. कागदावर तो शेवटचा होता, पण त्या म्हणाल्या, चालेल.

आता हिरवी ढोलीत आहे. ढोलीचं तोंड तिने स्वतःच आतून विष्ठेने आणि फळांच्या गराने लिंपून घेतलं, चोच मावेल एवढी फट ठेवली. पिल्लं मोठी होईपर्यंत तो आणून देईल तेच खायचं. पद्मजा, मला ती फार धीट वाटते. ज्याच्या भरवशावर आत जायचं तो कोण, हे तिने दुसऱ्या कुणाला ठरवू दिलं नाही. भांडली नाही, चोच मारली नाही; सगळ्यांच्या देखत नुसती पाठ फिरवून बसली. परवा आतून बारीकसा आवाज आला. मारायकेने ढोलीला कान लावला आणि मग मला मिठीच मारली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू इथे येशील तेव्हा सुरुवातीला ना भाषा असेल, ना ओळखी. डॉक्टरकडे जायचं तरी माझ्याबरोबर. तुझं नाव डचच्या क्लासला घातलंय असं हे स्थळ सुचवणारी माझी मावशी म्हणाली. ते तू घातलंस की तुझ्या घरच्यांनी, हे कळलं नाही. होकार मामांनी कळवला, तुझ्या आईने कळवला, माझ्या आईने पेढेसुद्धा वाटले. तुझ्या तोंडून मी तो ऐकलेला नाही. मला तू आवडलीस, त्या एका प्रश्नानंतर तर फारच. पण तुझ्या मनात नसेल तर नुसतं 'नको' एवढंच कळव, मी कारण विचारणार नाही. घरी सांगेन की नकार माझा आहे. आई चिडेल, मावशी बोलणं टाकेल, ते मी बघून घेईन. तुझ्यावर काही येऊ देणार नाही. आणि होकार असेल, तर एकदा एकटीच फोन कर. आजूबाजूला कुणी नसताना तू कशी बोलतेस, ते मला ऐकायचं आहे.

तू ठरवशील त्या नात्याने,
अद्वय