कापडातली अंघोळ

सातपूर, नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
निकिताचा नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. रविराजला या आठवड्यात कंपनीत सकाळची पाळी आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस का, की सगळं तेल लोकांच्या बाळांनाच? अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीला येता आलं नाही. वॉर्डात सिस्टर कमी होत्या, ड्युटी लागली. तू पाठवलेल्या करंज्या मिळाल्या.

काल आपल्या शेजारच्या सृष्टीचा फोन आला होता. बाळंतपण आमच्या दवाखान्यात होऊनसुद्धा बाळाची अंघोळ तुझ्याच हातची हवी, असं तिच्या आईने आधीपासून ठरवलं होतं ना? तू गेलीच नाहीस म्हणे. दोनदा निरोप आला तेव्हा म्हणालीस, "आता माझ्याकडून नाय व्हायचं. नाशकाच्या सिस्टरलाच इचारा." आणि महिनाभर तू कुणाच्याच घरी अंघोळ घालायला गेली नाहीस. सृष्टी स्वतःच मुलीला पायांवर घेते. तिला सवय नाही, पाणी पडलं की मुलगी हातपाय फेकून रडते, नंतर दमून दूधही धड पीत नाही. फोनमधून मला ते रडणं ऐकू येत होतं. पाणी किती कोमट हवं, खिडकी लावून घे, सगळं सांगितलं मी तिला. तू का येत नाहीस, ते मला ठाऊक होतं. तेवढं सांगितलं नाही.

आता तुला लिहिते. बाळाचा एक हात उघडायचा, धुवायचा, झाकायचा, मग दुसरा. तसंच जमेल मला. एकदम नाही.

सप्टेंबरपासून आमच्या शुभांगी मॅडमनी वॉर्डात एक नोंदवही ठेवली आहे. काही बाळांना नेहमीसारखी, वरून पाणी घालून अंघोळ. काहींना कापडात गुंडाळून टबात खांद्यापर्यंत बुडवायचं आणि एका वेळी एकच हात किंवा पाय उघडायचा. आधी आणि नंतर अंगाचं तापमान बघायचं, किती वेळ रडलं ते घड्याळ लावून लिहायचं. बहुतेक नोंदी माझ्या हातच्या आहेत. कापडातली बाळं कमी गार पडतात, कमी रडतात, लगेच अंगावर पितात. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "सिस्टर, इतका सराईत हात! कुठे शिकलात?"

मी म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये."

ट्रेनिंग एका दुपारचं होतं आई, रबरी बाहुलीवर. तुझ्यामागून पाण्याची बादली घेऊन मी नऊ वर्षांची असल्यापासून हिंडले. पाणी कोपराने बघायचं, बोटांनी नाही, हे तू शिकवलंस. अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा तू कोमट पाण्यात भिजवायचीस, पायांवरच्या बाळाला त्यात लपेटायचीस आणि मग वरून तांब्या धरायचीस. कापडावरून कसली अंघोळ, म्हणून मी हसले होते. तू म्हणालीस, "लेकरू पाण्याला भेत नाय गं. उघडं पडायला भेतं."

वॉर्डाच्या भिंतीवर आता या अंघोळीचा मोठा तक्ता लावला आहे. खाली माझं नाव आहे.

सोळा ऑक्टोबरच्या गुरुवारचं तुला काय सांगू, तू होतीसच. पण मी ते माझ्या तोंडाने कधी म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते. मी बाळंतिणींना अंघोळ करून दाखवत होते. सृष्टीच्या आईबरोबर तू मागच्या बाकावर येऊन बसलीस. मॅडम म्हणाल्या, "गावाकडे अंघोळीला बायका येतात, त्यांचं ऐकू नका. कढत पाणी, नाकात तेल, रगडून काढतात नुसतं."

तू उभी राहिलीस. "मॅडम, रगडत्यात काही जणी, खरं हाय. पण ही कापडातली अंगूळ आमच्याकडं पहिल्यापासून हाय."

"मग मावशी, तुम्हीच या पुढे," कुणीतरी म्हणालं. "सिस्टरला सुट्टी!"

सगळ्या हसल्या. मॅडमनी विचारलं, "कुठल्या तुम्ही? चांदवडच्या? सिस्टर, तुमच्याच गावच्या की! ओळखता का?"

माझ्या हातात बाळ होतं, त्याचा डावा हात उघडा होता. मी म्हणाले, "नाही."

आणि तू लगेच म्हणालीस, "सिस्टरबाई कशा वळखतील मला? गाव काय लहान राह्यलंय का आता?" पदर सारखा केलास, काही बोलू नये म्हणून सृष्टीच्या आईचा हात दाबलास आणि खाली बसलीस. बाळ गार पडायच्या आत झाकून टाकावं, तसं झाकलंस मला.

मी इथे सगळ्यांना सांगितलं होतं, माझी आई अंगणवाडीत आहे. कुणी विचारलंही नव्हतं.

जाताना तू धोतराचा तुकडा सृष्टीजवळ दिलास. "सिस्टरला द्या. यांचं कापड नवं हाय, लेकराला टोचतं." दुसऱ्या दिवशी मी तो एका बाळाला वापरला. ते रोज चार-चार मिनिटं रडायचं. त्या दिवशी रडलं नाही, पाण्यात डोळे उघडून बघत राहिलं. नोंदवहीत मी लिहिलं, कापड दवाखान्याचं.

दिवाळीत मला ड्युटी नव्हती. मी खोलीवरच होते.

अजून एक. तू नाकात तेल सोडतेस ते खरंच चूक आहे, ते छातीत जाऊ शकतं. हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. तुझ्या कामाचा विषयच मला नको असायचा, म्हणून सांगितलं नाही. त्या पाच वर्षांत तू किती बाळांच्या नाकात तेल घातलं असशील, त्याचा दोष तुझा नाही, माझा आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चार दिवस पत्र पर्समध्येच राहिलं. आज पुन्हा बायका जमल्या होत्या. मी बाळ टबात सोडलं, उजवा हात उघडला आणि म्हणाले, "ही रीत मी माझ्या आईकडून शिकले. गोजराबाई, चांदवडला बाळांना अंघोळ घालते. मागच्या महिन्यात ती इथेच, त्या बाकावर बसली होती. मॅडमनी ओळखता का विचारलं, मी नाही म्हणाले."

मग पेठकडची एक बाळंतीण आली होती, पल्लवी, ती म्हणाली, "आईलाच वळख नाय दिली, मंग आमाला खरं सांगता ह्ये कशावरनं?"

बाळ गारठलं असतं, म्हणून मी तो हात धुऊन झाकला.

नंतर मॅडमच्या खोलीत नोंदवही नेली. कापडाची ती नोंद खोडून दुरुस्त केली, खाली सही केली. मॅडमनी ती नोंद वाचली. "मी त्यांना बोलूच दिलं नाही," म्हणाल्या. मग विचारलं, "नाकात तेल घालतात का त्या?"

"घालते," मी म्हणाले.

"ते सोडवा. बाकीचं आम्ही त्यांना विचारू. येतील का इथे?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तुला इथे ये म्हणायला मला तोंड नाही. पण सृष्टीकडे जा. त्या मुलीने काही केलेलं नाही.

पत्र उद्या स्पीड पोस्टाने टाकते. रविवारी सकाळच्या एसटीने मी चांदवडला येते. धोतराचा तुकडा धुऊन, घडी करून ठेवला आहे, तो बरोबर आणते. सृष्टीकडे निघालीस तर बादली मी घेईन. तिथे कुणी विचारलं, ही कोण, तर तू काय सांगायचं ते सांग. ओळखत नाही म्हणालीस तरी चालेल.

मी मात्र सांगेन.

गोजराबाईची,
निकिता