देवीचा बारावा खण

सावंतवाडी, ९ जानेवारी १९६३

ती. सौ. मथुराताईस,
गुरुदासचा शि. सा. न. वि. वि.

…तर अर्धंच राहिलं. तू बसमध्ये चढलीस, कंडक्टरनं घंटी मारली आणि माझं लायसनचं सांगायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र.

मी वाळवी मारायची सर्व्हिस काढतोय. हसू नकोस! इथे घरं, वखारी, सगळं लाकूड आतून पोकळ होतंय आणि लोक वरून रंग देतायत. बेळगावला होस्टेलमध्ये होतो तेव्हा एका माणसानं औषध मारून लायब्ररीची कपाटं वाचवली होती, ते डोक्यातून जातच नाही. पंप घेतलाय, सेकंडहँड. पण औषध विषारी, म्हणून कचेरीचं लायसन लागतं. फॉर्मवर दर लिहायचा, आणि एका घराचं काम करून दाखवून घरच्या मोठ्या माणसाची सही नाहीतर अंगठा आणायचा. त्या एका घरापुरती परवानगीची चिठ्ठी मिळालीय.

दर ठरवला खणाला दीड रुपया. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, हे मला आत्ता कळलं. दुकानदार धोंडूशेटनी विचारलं की मेलेली वाळवी मोजून देणार की वजनावर. बाकीचे म्हणतात आधी लायसन दाखव. आणि कचेरी म्हणते आधी घर दाखव.

तुला माहीतच आहे, बाबांनी माझ्यासाठी मुंबईत मामांच्या ऑफिसात जागा ठरवलीय, एक एप्रिलपासून. त्याआधी लायसन हातात आलं तर मला इथे राहू देणार, नाहीतर ट्रंक भरायची. ताई, मला ते टेबल नको गो. तुमचं आरोंद्याचं घर बारा खणांचं. भावजींना विचारशील?

तुझ्या मायेवर सगळा भरवसा.
तुझा,
गुरू


आरोंदा, १७ जानेवारी १९६३

चि. गुरुदास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, मेव्हण्याचं पहिलं गिऱ्हाईक आपणच झालो तर बरंच, पुढचा खांब हल्ली टिचकी मारली तरी पीठ सांडतो. सासूबाईंनी विचारलं की हो झील, म्हणजे तू, वाळवी मारूक बेळगावात शिकलो काय. मी होय म्हटलं. त्या बराच वेळ हसत होत्या.

पण एक गोष्ट आधीच सांगतंय, कारण तू इंग्रजी शाळेतलो, तुका ठाऊक नसात. मागच्या बाराव्या खणात आमची सातेरी आसा. म्हणजे वारूळ, पण आमच्यासाठी ती देवीच. जमिनीतून आपसूक वर आलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं. सासूबाई रोज फूल ठेवतात, दसऱ्याला हिरवं लुगडं गुंडाळतात. दुपारी कौलांतल्या काचेतून उन्हाचा पट्टा उतरतो आणि तिच्या खांद्यावरून हळूहळू सरकत जातो. मी पुष्कळदा तांदूळ निवडायचे सोडून बघत बसते. वाटतं, ती श्वास घेते आहे.

तेव्हा ये, पण जपून बोल. आईनं दिलेला मफलर वापर, सकाळचा गारठा आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई


सावंतवाडी, ४ फेब्रुवारी १९६३

ती. ताईस सा. न.

कान धरून लिहितोय. तू जपून बोल म्हणालीस आणि मी तुमच्याकडे येऊन नेमका घोळ घातला. पण माझंही ऐक. वाळवी येते ती त्या वारुळातूनच. घरटं सोडून खांब धुवायचे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसायची. मला वाटलं तुझ्या सासूबाई, आनंदीबाई, बाराव्या खणाला नको म्हणतायत ते पैशांमुळे, म्हणून बोलून गेलो की बाराव्या खणाला अर्धाच दर लावीन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! मी देवीचा भाव करतोय असं त्यांना वाटलं असणार. आणि खरं म्हणजे, करतच होतो.

जेवणं झाल्यावर तुम्ही सगळी आडवी झालात तेव्हा मी खांबाला कान लावून उभा होतो. आतून आवाज येत होता. कोरडी वाळू कोणीतरी फार लांब, फार सावकाश चाळतंय तसा. एका खांबाकडून दुसऱ्याकडे गेलो, तिथेही तोच. बाहेर खाडीचं पाणी चढत होतं. मला वाटलं हे घर झोपेत बोलतंय, आणि आपण ऐकायचं सोडून त्याचं तोंड बंद करायला आलोय. डोळे उघडले तर आनंदीबाई दारात. त्यांनी मला पाणी आणि गूळ दिला.

त्या रागावल्या नाहीत का गो? की माझी कीव आली? आता काय करू ते तूच सांग. दिवस चाललेत.

मोठ्यांना नमस्कार पोचव, आणि माझ्यावर रुसू नकोस.
गुरू


आरोंदा, १५ फेब्रुवारी १९६३

चि. गुरूस आशीर्वाद.

रागावल्या नाहीत रे. तू गेल्यावर म्हणाल्या, पोराक ऐकूक येता, नुसतो बोलणारो नाय. मग ह्यांना म्हणाल्या की कचेरीची चिठ्ठी त्याच्याकडे आहे, पण घर जिचं आहे तिला कोणी विचारलं?

सोमवारी गावातल्या सातेरीच्या देवळात गेलो. गुरव बाबलीकाकांनी देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं मात्र सासूबाईंनी स्वतः घातलं. मला वाटलं होतं, मारू की नको असं विचारतील. त्यांनी तसं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या की बाई, एक खण तुझो, अकरा लेकरांचे. तू तुझ्या खणात सुखान रव, लेकरांचे खांब सोड. भोवती रेघ मारली तर राग धरशीत काय?

पाकळी पडेचना. आम्ही उभे. समईची वात, ओल्या फुलांचा वास, बाहेर कोणाची तरी गुरं घरी चाललेली. मला तर आपण किती वेळ उभे आहोत तेच कळेना, एखादं वर्ष गेलं असं वाटलं. मग उजवी पडली, अगदी अलगद. सासूबाई तिथेच खाली बसल्या.

तर ये. बाराव्या खणाभोवती चर खण, त्यात तुझं औषध घाल. आत पाऊल टाकायचं नाही. अकराचे साडेसोळा रुपये हे देतील. बाराव्याचं नावही काढू नकोस.

खुशाली कळव, जीव लागून राहतो.
ताई


सावंतवाडी, ८ मार्च १९६३

ती. ताईस सा. न.

तू त्या दिवशी विहिरीवर होतीस, तेव्हाचं सांगायचं राहिलं.

काम झालं, चर भरला, हात धुतले आणि मी फॉर्म काढला. त्यावर छापलंय की सगळ्या घरातली वाळवी घरट्यासह नष्ट केली, आणि खाली अंगठ्याचा चौकोन. मी शाईची पेटी उघडली. आनंदीबाईंनी काही न विचारता अंगठा पुढे केला. म्हणाल्या, तू वाचलंस म्हणजे मीयाच वाचलंय.

ताई, एक मिनिट लागलं असतं. त्यांना कधी कळलं नसतं. लायसन खिशात आलं असतं. पण त्यांचा तो अंगठा, फुलं ठेवून ठेवून पिवळा झालेला. मी पेटी मिटली. छापलेली ओळ खोडली आणि वर लिहिलं की अकरा खणांचं काम केलं, बाराव्यात वारूळ आहे, ते घरमालकिणीच्या इच्छेनं ठेवलं, भोवती औषधाचा चर आहे. मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि मग अंगठा दिला, असा दाबून की कागदाला खळगा पडला.

कचेरीतल्या कारकुनाला तो कागद बघून घामच फुटला. म्हणाला की घरटं जिवंत ठेवणाऱ्याला वाळवी मारायचं लायसन द्यायचं, म्हणजे साहेबांना काय तोंड दाखवू. शेवटी साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलंय, शिमगा आटोपला की गुरुवारी, १४ तारखेला. मी तिथे असायचं नाही असा हुकूम आहे. इकडे बाबांनी माझी ट्रंक उन्हात ठेवलीय, भरायला.

तू सगळं बघून ठेव. तुझ्यावर सोपवलंय.
गुरू


आरोंदा, १५ मार्च १९६३

चि. गुरूस अनेक आशीर्वाद.

काल साहेब येऊन गेले. जसं झालं तसं लिहिते, माझ्या पदरचं काही नाही.

उंच, टक्कल पडलेले, बोलायला अगदी मोजके. खांबांना छडीनं टोचून बघितलं. पुढच्या खांबातलं पीठ थांबलंय, ते त्यांनी टिपून घेतलं. चर बघितला, त्याची रुंदी टेपनं मोजली. मग म्हणाले की आत जाऊन बघायला हवं. हे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या की जावा, पण साहेब, बूट भायर.

साहेबांनी एकदा आपल्या बुटांकडे बघितलं. मग उंबऱ्यावर बसले आणि नाड्या सोडायला लागले. मोजेसुद्धा काढले रे. आत गेले. उन्हाचा पट्टा तिच्या खांद्यावर आला होता. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले आणि बघत राहिले. पट्टा खांद्यावरून उतरला, जमिनीवर आला, भिंतीशी गेला. आम्ही दारातच उभे. कोंबडीसुद्धा दारात येऊन थबकली.

बाहेर आल्यावर एकच विचारलं, वाढते का. सासूबाईंनी हातानं उंची दाखवली की मी नवरी म्हणून आले तेव्हा एवढी गुडघ्याएवढी, आता एवढी. साहेबांनी तुझा कागद काढला, वाचला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला. बाहेरच्या फाइलमध्ये नाही, आतल्या खिशात. घावणे आणि नारळाचा रस दिला, तेही खाल्लं. गाडीत बसेपर्यंत होय नाही, काही बोलले नाहीत.

सासूबाई म्हणतात, आता त्याच्या मनात पाकळी लागली आहे, पडायला वेळ लागेल. हे म्हणतात, सरकारी माणूस गप्प बसला की समजावं काम गेलं. मी आपली दोघांचं ऐकते. गुरू, तू असल्या माणसांत वावरला आहेस. तूच सांग, देवीसमोर एवढा वेळ अनवाणी बसलेलो माणूस तुका लायसन देतलो काय रे? तुका काय वाटता?

तुझीच,
ताई